जार-बुलुंगचे सहा थेंब

बिश्केक, ११ फेब्रुवारी २००६

बुरुल एजे,

जीपवाल्या एर्मेकबरोबर तू पाठवलेलं कुरुत आणि पाणी-पाहणीच्या अर्जांचा गठ्ठा, दोन्ही दोन महिन्यांपूर्वीच पोचलं. कुरुतच्या खारट दह्याच्या गोळ्या ऑफिसातल्यांनी दोन दिवसांत फस्त केल्या. अर्ज मात्र पुरून उरलेत. एक्केचाळीस गावं, प्रत्येक गावचे साठ-सत्तर अर्ज. तामारा एजेंच्या संस्थेतल्या अभ्यासकांनी त्यावरून तीनशे ऐंशी पानं लिहिली. ती माझ्या टेबलावर ठेवून बाई म्हणाल्या, "जिपार बाळ, असं काहीतरी कर की मंत्रालयातल्या माणसाला चहा गार व्हायच्या आत सगळं कळेल."

यंदा नळ फक्त बारा गावांना मिळणार आहे. देणगीच तेवढी आली आहे. मे महिन्यात बैठक, आणि त्या बैठकीतली माणसं तीनशे ऐंशी पानं उघडणारसुद्धा नाहीत. म्हणून मी नव्वद पानांत आणायचं ठरवलंय. प्रत्येक गावाला समोरासमोरची दोन पानं. डावीकडे नकाशा, उजवीकडे एका बाईचा फोटो आणि तिचे चार शब्द. पानांच्या कडेला जिल्ह्यागणिक वेगळा रंग, म्हणजे अहवाल हातात घेतला की अंगठा बरोबर हव्या त्या गावावर पडेल. आकडे जवळजवळ नाहीतच, नुसत्या खुणा.

तुझं जार-बुलुंग त्या बारांत यावं म्हणून मी देव पाण्यात घालून बसलेय. तामारा एजेंना मात्र सांगितलेलं नाही की माझी सख्खी थोरली बहीण त्या गावची सून आहे, आणि तिथले अर्जही तिनेच भरलेत. कळलं तर म्हणतील, पोरगी बहिणीच्या दारात नळ नेतेय.

तुझी, जिपार

*

जार-बुलुंग, २६ फेब्रुवारी

जिपार,

एकोणतीस वर्षांची घोडी झालीस, अजून लग्नाचं नाव नाही, आणि देव कशासाठी पाण्यात घालतेस तर नळासाठी. आई असती तर तिने हसावं की रडावं? बरं, तुझं काम वाचून बरं वाटलं. आमच्या शाळेतल्या मास्तरांनाही सांगितलं, की माझी बहीण पुस्तकं सजवते. ते म्हणाले, "म्हणजे लिहीत नाही?" मी म्हटलं, लिहिणारे खंडीभर आहेत, वाचता येईल असं करणारी एकच.

अर्ज भरताना मी चोख काम केलंय, काळजी करू नको. वर छापलंच होतं की बाई जे सांगेल ते तिच्याच शब्दांत उतरवा. पहिलीच्या पोरांचं शुद्धलेखन घेणारी बाई आहे मी, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. बासष्ट घरं फिरले. सगळीकडे बायकांनाच विचारलं. पाणी कोण आणतं या प्रश्नावर पुरुष मिश्यांवरून हात फिरवून गोठ्याकडे निघून जात.

धाकट्या जावेला, झूराला, सहावा लागलाय. वीस वर्षांची पोर, घरात येऊन वर्षही झालेलं नाही, पण कावड खांद्यावर घेऊन कशी चढ चढते बघ. मी तिला म्हणते, अगं, वाळुंजाच्या झाडाखालच्या पाण्याकडे मी जाईन, तू चूल बघ. आम्ही पाळ्या लावल्यात, एक दिवस ती, एक दिवस मी. तिकडची वाट म्हणजे नुसता काचेसारखा बर्फ. राख टाकतो, तीही गोठते.

तुझी दोन पानं झाली की पाठव. या गावाचं चित्र कधी कुणी काढलेलं नाही.

बुरुल

*

बिश्केक, ६ मार्च

बुरुल एजे,

सोबत जार-बुलुंगची दोन पानं. रंग जपून ठेव, ओल्या हातांनी धरू नको. फोटोतली बाई ओळखीची वाटेल. तुझ्या सासूबाईंचाच लावलाय. वाक्यही त्यांचंच घेतलं: "पाणी जवळ असतं तर माझे गुडघे अजून माझेच असते."

नकाशात घरं करडी, वाटा तुटक, पाणी निळं. वरच्या कोपऱ्यातले थेंब बघितलेस? एक्केचाळीस गावांच्या कोपऱ्यांत असे थेंब आहेत. पानं भराभर उलटली तरी डोळ्यांत भरतात. तामारा एजेंनी सगळी पानं दोनदा उलटली आणि म्हणाल्या, "इतकी वर्षं आम्ही अहवाल लिहीत होतो, आज पहिल्यांदा दिसला." मी त्या दिवशी चालत घरी आले, बसमध्ये बसवेना इतका आनंद झाला होता.

काही चुकलं असेल तर लगेच कळव. तू हो म्हटलंस की छापायला देते.

जिपार

*

जार-बुलुंग, २० मार्च

जिपार,

पानं शुक्रवारी आली. खिडकीपाशी धरून सगळ्यांनी पाहिली. सासूबाईंनी स्वतःचा फोटो पाहून ओढणी सारखी केली, जणू आत्ताच कोणी काढतंय. आणि थेंब! मी मोजले, सहा. त्याच कागदाच्या मागे खालच्या अंगाच्या चोन-ताल गावाचं पान आलं होतं, तिथे दोनच. मी सगळ्यांना सांगितलं, बघा, आपलं गाव पुढे आहे, सहा थेंब मिळालेत. मास्तरांनी शाळेच्या भिंतीवर लावायला मागितली.

पुढचं लिहायचं नव्हतं, पण तुझ्यापासून काय लपवू. त्याच शुक्रवारी झूरा घसरली. वाळुंजाखालच्या पाण्यावरून भरल्या कावडीने येत होती. शेजारची कालिपा धावत आली, गार डोळ्याकडे चला, गार डोळ्याकडे चला, एवढंच ओरडत होती. सासूबाई अनवाणी पळाल्या. पांढऱ्या धोंड्याजवळ पडली होती. तोवर बादल्यांतलं पाणी तिच्या घागऱ्यावर गोठून गेलं होतं. जीपमधून दवाखान्यात नेली. ती वाचली, मूल गेलं. मुलगी होती.

उद्या नोरूझ, नव्या वर्षाचा सण. गावात सुमोलोकच्या खिरीचे हंडे चढलेत. आमच्या घरी यंदा नाही. झूरा भिंतीकडे तोंड करून असते, कुणाशी बोलत नाही.

पानं बरोबर आहेत. छाप.

बुरुल

*

बिश्केक, २ एप्रिल

माझी एजे,

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. झूराला मी एकदाच पाहिलंय, लग्नात, ओढणीखालून हसू दाबताना. तिला काय लिहावं ते मला कळत नाही. तू तिच्या डोक्यावरून माझ्या वतीने हात फिरव.

एक विचारायचं आहे. आता विचारणं वाईट दिसतं, पण राहवत नाही. तू लिहिलंस, झूरा वाळुंजाखालच्या पाण्यावरून येत होती. कालिपा म्हणाली, गार डोळ्याकडे चला. आणि ती सापडली पांढऱ्या धोंड्याजवळ. माझ्या नकाशात हे तीन वेगवेगळे झरे आहेत. गार डोळा उत्तरेला दाखवलाय, पांढऱ्या धोंड्याचा झरा गावाच्या दुसऱ्या टोकाला. जागा मी अंदाजानेच टाकल्या होत्या, अर्जात नकाशा नव्हता. तुम्ही सगळे एकाच ठिकाणी कसे पोचलात?

आणि एजे, थेंब म्हणजे बक्षीस नव्हे. खुणांचा अर्थ सहाव्या पानावर दिलाय, तुला मी ते पान पाठवलंच नाही. गावाला पाण्याच्या जितक्या जागा, तितके थेंब. तीन किंवा अधिक असतील तर त्या गावाचं भागतंय असं धरलंय.

लवकर लिही. एर्मेकला सांग, जीप पळव.

जिपार

*

जार-बुलुंग, ९ एप्रिल

जिपार,

झरा एकच आहे.

एकच. एकच होता आणि एकच राहील. खोल घळीत, वाळुंजाखाली, पांढऱ्या धोंड्याला लागून, गार, गुराखी जातात त्या वाटेवर. तो आमच्या मूळ पुरुषाने खणला आणि त्याला त्यांचंच नाव आहे. अख्खं गाव त्यांचा वंश. म्हणजे गावातली प्रत्येक सून त्यांची सून. आम्ही त्यांचं नाव कसं घेणार? सासऱ्याचं, दिरांचं नाव घेत नाही, तिथे ते तर सगळ्यांच्या वरचे. म्हणून ज्या घरात जी पद्धत पडली ती. मी वाळुंजाखालचं पाणी म्हणते, कालिपा गार डोळा म्हणते, सासूबाई मोठ्या घराचं पाणी म्हणतात. पुरुष आणि गावच्या लेकी खरं नाव घेतात, पण पुरुष पाणी आणत नाहीत आणि लेकी लग्न होऊन जातात. बासष्ट अर्ज, सगळे सुनांचे. खरं नाव येणार कुठून?

तूही किर्गिझ पोरगीच ना? आजीने आपल्या आजोबांना आयुष्यभर "अहो, तिकडचे" म्हटलं, ते तू ऐकलं नाहीस? मला वाटलं, हे सांगायला कशाला हवं. आपल्याकडे चहात मीठ घालतात हे कुणी सांगतं का? तरी शेवटच्या अर्जावर मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, "सगळ्याजणी तिकडेच जातात." तो शेरा कुणी वाचला?

तुम्ही शहरातल्या माणसांनी उंटावरून शेळ्या हाकायच्या, आणि आम्ही इथे बर्फावर पडायचं. सहा थेंब! मी गावभर मिरवले ते सहा थेंब. नकाशातल्या निळ्या ठिपक्यांना नावं नव्हती, मी ते नीट बघितलेही नाहीत.

छापू नको. ऐकतेस ना? छापू नको.

बुरुल

*

बिश्केक, १५ एप्रिल

एजे,

छापून झालंय.

तुझं उत्तर येईपर्यंत थांबते असं म्हटलं होतं, थांबले नाही. छापखान्याची तारीख निघून जात होती. मला वाटलं, एजे काय चूक काढणार, तिनेच तर अर्ज भरलेत. दहा मार्चला कागद गेला. तू खिडकीपाशी पानं धरून उभी होतीस तेव्हा इथे तीनशे प्रती बांधून तयार होत्या. जार-बुलुंगच्या थेंबांखाली हिरवी पट्टी आहे, म्हणजे भागतंय. अहवालात सुचवलेल्या बारांच्या यादीत तुझं गाव नाही. हे मी तुला दोन एप्रिलच्या पत्रातच सांगायला हवं होतं, धीर झाला नाही.

शेऱ्याचा रकाना मी काढला. अभ्यासकांनी तो परिशिष्टात ठेवला होता, तिरप्या बारीक अक्षरांत, नऊ पानं. पान गजबजलेलं दिसतं म्हणून मी ती नऊ पानं उडवली. सोपं करायचं होतं ना. आता तीन दिवस बसून सगळे शेरे वाचले. एजे, तू एकटी नाहीस. सतरा गावांत कुणी ना कुणी तेच लिहिलंय, "हेही तेच पाणी", "नावं वेगळी, जागा एक". एका म्हाताऱ्याने लिहिलंय, "सुनांना विचारू नका, मला विचारा." आम्ही सगळे किर्गिझ, सगळ्यांच्या घरात आज्या, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही.

तामारा एजेंना सगळं सांगितलं, आपलं नातंसुद्धा. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "माझ्या सासऱ्यांचं नाव मीही चाळीस वर्षं घेतलेलं नाही. मला कळायला हवं होतं." प्रती त्यांनी परत मागवल्यात. बैठक तीन आठवडे पुढे गेली. पण मंत्रालय म्हणतं, आता तोंडी चालणार नाही. ज्यांनी अर्ज भरले आणि ज्यांनी उत्तरं दिली, त्यांनी कोऱ्या नकाशावर झऱ्याची जागा दाखवायची आणि सरकारी दप्तरात आहे ते नाव स्वतःच्या हाताने लिहायचं. पुरुषांच्या सह्या नकोत. उत्तरं बायकांची होती, दुरुस्तीही बायकांचीच हवी.

नकाशा सोबत आहे. मी काय मागतेय ते मला कळतं. पंधरा मेपर्यंत हवा.

जिपार

*

जार-बुलुंग, ४ मे

जिपार,

नकाशा आठ दिवस संदुकीवर पडून होता. मी रोज त्याच्यावरची धूळ पुसायची आणि परत ठेवायची. बावीस वर्षं झाली मला या घरात येऊन. शाळेत रोज फळ्यावर शंभर शब्द लिहिते, पण हा एक शब्द लिहायचा म्हटलं की बोटं वळायची नाहीत. नवऱ्याला म्हटलं, तुम्ही लिहा ना, अक्षर माझ्यासारखं काढा. तो म्हणाला, "आणि मग मंत्रालयाला खोटं सांगायचं?" एरवी घरात कसलं मत नसतं त्या माणसाला.

तुला एक सांगायचं राहिलंय. सांगायचं राहिलं असं नाही, मीच सांगितलं नाही. त्या शुक्रवारी पाण्याची पाळी माझी होती. एर्मेकने पानं आणून दिली, मी खिडकीपाशी ती बघत बसले. झूरा म्हणाली, "जाऊ का मी?" मी मानसुद्धा वर केली नाही. म्हटलं, जा. सहा थेंब मोजत होते मी, जिपार.

हे मी गेल्या आठवड्यात सासूबाईंना सांगितलं. वाटलं, आता घरातून काढतील. त्यांनी जपमाळ खाली ठेवली आणि म्हणाल्या, "पीठ मळ."

गुरुवार होता. सात पोळ्या तळल्या. तेलाचा वास घरभर झाला, दार उघडं ठेवलं, म्हणजे पितरांपर्यंत जाईल. ज्यांनी ज्यांनी वेगळी नावं सांगितली होती त्या चार घरच्या बायकांना सासूबाईंनी बोलावणं धाडलं. कालिपा आली, बाकीच्या आल्या. सासूबाईंनी कुराण म्हटलं, झरा खणणाऱ्याच्या नावाने. नाव म्हणायची वेळ आली तिथे नेहमीसारख्या थांबल्या. आम्ही सगळ्या खाली बघत होतो.

मग म्हणाल्या, "पोरींनो, मी या घरात आले तेव्हा माझ्या सासूने सांगितलं, त्यांचं नाव घ्यायचं नाही, त्यांनी आपल्याला पाणी दिलं. साठ वर्षं मी नाव घेतलं नाही. माझी नात त्यांच्याच वाटेवर गेली. आता ते रागावणार असतील तर माझ्यावर रागावू देत, मी त्यांना लवकर भेटणार आहे."

कालिपा म्हणाली, "आपा, पहिली मी लिहू का? मी तुमच्याहून नंतर मरेन, तेवढा वेळ राग शांत होईल." एक-दोघी हसल्या. सासूबाईही हसल्या, पण पेन्सिल सोडली नाही. चौथीपर्यंत शिकल्यात. जाडजूड अक्षरांत त्यांनी लिहिलं. मग आम्ही एकेक. तू पाठवलेल्या नकाशावर प्रत्येकीने आधी झऱ्याला दिलेलं आपापलं नाव लिहिलं, गार डोळा, पांढरा धोंडा, गुराख्यांचा झरा, खोलगटातलं पाणी, आणि त्यापुढे खरं. सहा वेळा तेच नाव, सहा हातांचं.

मी सगळ्यांत शेवटी लिहिलं. आता तुलाही लिहिते, म्हणजे पत्र परत कधी वाचशील तेव्हा खात्री होईल की मीच लिहिलंय. झऱ्याचं नाव एसेनामान.

बुरुल

*

बिश्केक, ११ जून

एजे,

जार-बुलुंग यादीत आलं. ऑगस्टमध्ये खणायला सुरुवात होईल.

नवा अहवाल एकशे दोन पानांचा झाला. शेऱ्याची नऊ पानं परत आली, मोठ्या सरळ अक्षरांत आणि सुरुवातीलाच. खुणांचा अर्थ आता प्रत्येक पानाच्या तळाशी आहे. तुझ्या गावच्या पानावर एकच थेंब आहे, त्याच्या खाली तुम्हा सहाजणींचं अक्षर जसंच्या तसं. टाइप केलं नाही. बैठकीतल्या एका साहेबांनी ते पान उघडलं आणि चष्मा काढून ठेवला. त्यांच्या आईचंही असंच होतं म्हणाले.

दुसरंही सांगते, नाहीतर परत लपवल्यासारखं होईल. गावं बाराच घ्यायची होती. आपलं आत आलं म्हणजे एक बाहेर गेलं. तिथे खरंच दोन झरे आहेत, पण तिथल्या बायका चालतात तेवढ्याच. त्या गावचं पान मीच सजवलं होतं. पुढच्या खेपेला त्यांचं आधी बघायचं म्हणून कॅलेंडरवर पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीत मी खूण करून ठेवलीय.

झूरा कशी आहे?

जिपार

*

जार-बुलुंग, २३ जून

जिपार,

पत्र चुलीपाशी मोठ्याने वाचलं. सासूबाई म्हणाल्या, त्या दुसऱ्या गावच्या बायकांनाही सात पोळ्या तळायला सांग. मी म्हटलं, आपा, त्यांचं दुखणं वेगळं आहे. म्हणाल्या, "पोळ्या तळायला काय हरकत आहे?"

झूरा बोलते आता, थोडं. गेल्या आठवड्यात अहवाल आला तेव्हा तिने जार-बुलुंगचं पान स्वतःच काढलं. कडेच्या रंगावर बोट ठेवलं आणि बरोबर उघडलं, तुझ्या मांडणीचं मला तेव्हा कौतुक वाटलं. मग सहाही नावं एकेक करून वाचली आणि मला विचारलं, "माझं का नाही?"

मी म्हटलं, तुझं कुठलं?

अर्ज भरायला मी घरोघर फिरले, जिपार, पण आपल्याच घरात तिला विचारलं नव्हतं. नवी सून, तिला काय ठाऊक असणार, असं वाटलं होतं. तिचंही होतं एक नाव. आल्या दिवसापासून ती मनात तेच म्हणायची. आम्ही सगळ्यांनी झऱ्याला झाडाचं, दगडाचं, गारव्याचं नाव दिलं होतं. ती त्याला म्हणायची, दूरचं पाणी.

पुढच्या वेळी छापशील तेव्हा हेही घाल.

बुरुल